फायनल ऑस्लोत, पोरगी स्वारगेटला

रविवार. पहाटेचे साडेपाच. स्वारगेट.

एसटीतून उतरलेली माणसं डोळे चोळत रिक्षावाल्यांशी हुज्जत घालतायत. चहाचं पहिलं आधण उकळतंय. पीएमपीच्या थांब्यावर एक मुलगी उभी आहे, पंधरा-सोळाची. पाठीला सॅक, सॅकच्या पट्ट्याला लेसनं बांधलेले फुटबॉलचे स्टड. स्टडवर किराणा दुकानातली कॅरीबॅग चढवलेली आणि वर रबरबँड. बसमध्ये कुणाच्या कपड्यांना चिखल लागू नये म्हणून.

"कुठल्या क्लबकडून खेळतेस?" मी विचारलं.

"क्लब नाहीये काका. सर आहेत."

पुण्यातल्या मुलींच्या फुटबॉलवर याहून नेमका अहवाल कुणी देऊन दाखवावा.

सर म्हणजे कोण? शाळेतले पीटीचे शिक्षक, नाहीतर एके काळी जिल्हा संघातून खेळलेला कुणीतरी. बॉलची जाळी खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी मैदानावर येणारा. कोन आणि बिब स्वतःच्या खिशातून आणणारा. स्पर्धेची एन्ट्री फी कमी पडली तर भरून टाकणारा. अशा माणसांपुढे हात जोडावेत, दुसरं काय करणार?

पण सरांची बदली झाली तर? सर आजारी पडले तर? वीस मुलींचं फुटबॉल एका माणसाच्या तब्येतीवर चालतं.

क्लब म्हणजे नुसती जर्सी नव्हे. सर बदलले तरी मागे उरतो तो क्लब.

आता ऑस्लो. मे २०२६ च्या २३ तारखेला तिथल्या उल्लेवाल स्टेडियमवर युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगची फायनल आहे. गेल्या वर्षी ती लिस्बनला झाली. आर्सेनलनं बार्सिलोनाला १-० हरवलं. गोल स्टिना ब्लॅकस्टेनियसचा, चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला. हा तपशील मला त्या थांब्यावरच्या मुलीनं सांगितला. मिनिटासकट.

तिला आयताना बोनमातीची तिन्ही वर्षांची बॅलन डी'ऑर माहीत आहेत. ऑलिंपिक लिऑनची आठ विजेतेपदं माहीत आहेत. स्वतःच्या शहराच्या संघाचं नाव तेवढं सांगता आलं नाही.

संघच नाही, तर ती काय सांगणार?

होता मात्र.

२०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर देशातली पहिली महिला लीग, इंडियन वुमेन्स लीग, रंगली. मुख्य फेरीत सहा संघ होते. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाचा रायझिंग स्टुडंट क्लब, मिझोरामचा ऐझॉल, तमिळनाडूचा जेप्पियार इन्स्टिट्यूट, हरयाणाचा अलखपुरा. आणि सहावा एफसी पुणे सिटी. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) बड्या बड्या फ्रँचायझींत मुलींचा संघ घेऊन उतरलेली ती एकटीच. कोलकाता नाही, मुंबई नाही, गोवा नाही. पुणे.

हे आज किती पुणेकरांना आठवतं?

फायनल १४ फेब्रुवारीला झाली. ईस्टर्न स्पोर्टिंगनं रायझिंग स्टुडंटला ३-० हरवलं. पुणे त्या फायनलपर्यंत पोचलं नाही, पण रस्त्याला लागलं होतं. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, पुणे सिटीचा गाशाच गुंडाळला गेला आणि जागा हैदराबादला गेली. पुरुषांच्या संघासाठी चार दिवस हळहळ झाली. मुलींच्या संघाचं पुढे काय, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

त्या सहा नावांतल्या अलखपुऱ्याकडे जरा परत बघा. ते शहर नाही. भिवानी जिल्ह्यातलं एक गाव आहे. शेतकरी-मजुरांच्या पोरींनी शाळेच्या मैदानावर चेंडू लाथाडायला सुरुवात केली आणि गाव देशाच्या पहिल्या लीगमध्ये जाऊन उभं राहिलं.

एका गावाला जमलं. लाखो लोकवस्तीच्या शहराला का जमू नये?

कोल्हापूरचं नाव काढाल. काढाच. फुटबॉलवर जीव टाकणारं ते महाराष्ट्रातलं शहर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, तालमींच्या नावानं संघ, आणि शाहू स्टेडियमवर उन्हातान्हात ठासून गर्दी. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली राष्ट्रीय लीगच्या मुख्य फेरीत खेळूनही आल्या. मग तोही धागा तुटला. मुंबईचे एक-दोन संघ आले, गेले.

२०२३-२४ मध्ये ही लीग खऱ्या अर्थानं लीग झाली. एका गावात सगळ्यांना बोलावून काही आठवड्यांत उरकायची पद्धत सुटली. घरच्या मैदानावर एक सामना, पाहुण्यांच्या मैदानावर एक. आधी सात संघ, मग आठ. पहिल्या वर्षी ओडिशा जिंकलं, दुसऱ्या वर्षी ईस्ट बंगाल. केरळचा संघ, तमिळनाडूचा, बंगळुरूचा, कोलकात्याचे दोन. पुढे खालच्या लीगमधून गोव्याची सेसा अकादमी वर आली.

महाराष्ट्राचा एकही नाही. घरच्या मैदानावर खेळायची वेळ आली आणि आपलं घरच यादीत नव्हतं.

आता नव्या मुंबईला चला. डी. वाय. पाटील स्टेडियम. ६ फेब्रुवारी २०२२, महिलांच्या आशिया चषक फुटबॉलची फायनल. दोन गोलनी मागे पडलेल्या चीननं दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं. ३० ऑक्टोबर २०२२, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. २ नोव्हेंबर २०२५, महिलांच्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकाची फायनल. भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि मध्यरात्री आख्खा महाराष्ट्र रस्त्यावर आला.

चार वर्षांच्या आत, एकाच मैदानावर, बायकांच्या तीन मोठ्या फायनल. जगात फार कमी गावांच्या वाट्याला हे येतं.

आणि पुणं? त्याच आशिया चषकाच्या दोन्ही सेमीफायनल आपल्या बालेवाडीत झाल्या. ३ फेब्रुवारी २०२२. जपानसारखा माजी विश्वविजेता संघ पेनल्टीवर चीनकडून हरला, तो बालेवाडीत. कोरोनाचे निर्बंध होते, बघायला जाता आलं नाही, हे मान्य. पण कोरोना गेला. मैदान राहिलं. त्यानंतर त्या हिरवळीवर पुण्याच्या मुलींची कुठली फायनल झाली?

यजमानपद मिरवायला आपण कायम पुढे. संघ बांधायची वेळ आली की सगळे मागच्या रांगेत.

त्या आशिया चषकात आपल्या मुलींचं काय झालं, तेही सांगून टाकतो. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्धचा सामना. आपल्या संघात इतक्या जणींना कोरोना झाला की मैदानात यायला नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. स्पर्धेतून बाद. त्यातूनच विश्वचषकाला जायची वाट होती, ती बंद. घरच्या स्पर्धेत, न हरता घरी.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा घाव. गोकुलम केरळ हा आपला विजेता क्लब आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला. विमानातून उतरतो तोच बातमी आली. फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केलंय. संघटनेच्या खुर्च्यांवरून झालेलं भांडण. आणि शिक्षा कुणाला? हॉटेलात बॅगा न सोडता बसलेल्या मुलींना. त्यांनी पंतप्रधानांपर्यंत दाद मागितली. उपयोग झाला नाही. २६ ऑगस्टला निलंबन उठलं, तोवर त्यांची संधी गेली होती.

आणि निलंबन झालं त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, होशियारपूर जिल्ह्यातल्या मुग्गोवाल गावची मनीषा कल्याण युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. या स्पर्धेत खेळलेली पहिली भारतीय. ज्या स्पर्धेची फायनल मे महिन्यात ऑस्लोला आहे, तीच ही. ती खेळू शकली, कारण तिचा क्लब सायप्रसचा होता.

भारतीय क्लबच्या मुली हॉटेलात, परदेशी क्लबची भारतीय मुलगी मैदानात. याला काय म्हणायचं?

आणि तरीही या मुली काय करून दाखवतात बघा. ५ जुलै २०२५, चियांग माई. थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून भारत आशिया चषकाला पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जायची ही आपल्या मुलींची पहिलीच वेळ. आपल्या पुरुष संघाला पुढच्या आशिया चषकाचं दारही गाठता आलं नाही. ईस्ट बंगालच्या मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या वुहानला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत इराणच्या बाम खातूनला ३-१ हरवलं. महिन्याभरात काठमांडूला दक्षिण आशियातली पहिली महिला क्लब स्पर्धा जिंकली. फायनलमध्ये, ३-० नं.

कुठल्या चॅनेलवर पाहिलंत? कुठल्या पानावर वाचलंत? आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी हा दोष स्वतःकडेही घ्यायला हवा. मुलींच्या सामन्याचा निकाल द्यायला दोन ओळी लागतात. त्या दोन ओळी जागा नाही म्हणून कापल्या जातात.

मुलींचा विषय निघाला की ठरलेली वाक्यं ऐकू येतात. पहिलं वाक्य: बघायला कोण येतं?

२६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचा संघ, नाव डिक, कर लेडीज. प्रेक्षक किती? ५३ हजार. वर्षभरानं, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. हा खेळ बायकांना झेपत नाही, शोभत नाही, हे कारण. बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली.

प्रेक्षक नव्हते म्हणून बंदी झाली नाही. प्रेक्षक होते म्हणून झाली.

बंदी उठून पन्नास वर्षं होत असताना, २२ एप्रिल २०२२ ला, बार्सिलोनाच्या कॅम्प नोउवर बार्सिलोना आणि वुल्फ्सबर्गच्या मुलींची सेमीफायनल बघायला ९१,६४८ लोक आले. फायनल नव्हे. सेमीफायनल. आणि आपल्याकडचा पुरावा हवा असेल तर २ नोव्हेंबरची ती रात्र आठवा. बायकांचं क्रिकेट कुणी बघत नाही, हे वाक्य त्या रात्रीनंतर तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंत?

स्मृती मानधना सांगलीची. २०१३ मध्ये तिनं एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत द्विशतक ठोकलं, ते महाराष्ट्राच्या संघाकडून. म्हणजे संघ होता. स्पर्धा होती. स्कोअर लिहून ठेवणारा माणूस होता. सांगलीच्या मुलीला वर चढायला पायरी सापडली. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीनं कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा?

पुण्याची काजोल ड'सूझा २०२२ च्या त्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळली. पुण्यातून विश्वचषकापर्यंत पोचलेली मुलगी! पण राष्ट्रीय लीग खेळायची तर तिला दुसऱ्या राज्याचा संघ गाठावा लागतो. गुण पुण्याचा, जर्सी दुसऱ्याची.

दुसरं वाक्य: पैसे कुठून आणायचे?

मुंबई सिटीकडे बघा. दोनदा आयएसएल जिंकलेला क्लब. २०१९ पासून काही वर्षं तो सिटी फुटबॉल ग्रुपकडे होता. याच ग्रुपच्या मँचेस्टर सिटीचा मुलींचा संघ इंग्लंडमध्ये नामवंत. याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीच्या मुली मे २०२५ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगची पहिलीवहिली फायनल खेळल्या आणि पेनल्टीवर हरल्या. मुंबई सिटीचा संघ इंडियन वुमेन्स लीगमध्ये उतरलाच नाही.

म्हणजे अडलं ते पैशापाशी नाही. मनापाशी.

तिसरं वाक्य कुणी मोठ्यानं म्हणत नाही. ते घरात म्हटलं जातं. काळी पडशील. गुडघा फुटला तर उद्या कोण करून घेईल? दहावी आहे यंदा. दहावी मुलांना नसते का?

गुडघ्याची भीती मात्र खोटी नाही, हे सांगायलाच हवं. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण फुटबॉल खेळणाऱ्या मुलींत मुलांपेक्षा जास्त आहे. त्यावर उपाय आहे. वॉर्मअपमध्ये रोज पंधरा-वीस मिनिटं ठरलेले व्यायाम करून घेतले की धोका बराच कमी होतो. पण त्यासाठी मैदान तासाभरापेक्षा जास्त मिळायला हवं.

आणि इथे खरी गोष्ट येते. मैदानाचा तास.

त्या मुलीला विचारलं, प्रॅक्टिस किती वाजता? सव्वासहा ते सव्वासात. आठवड्यातून तीन दिवस. सव्वासातनंतर? "मग मुलं येतात." संध्याकाळी? "संध्याकाळी मुलंच असतात." टर्फ? टर्फ तासाच्या भाड्यानं मिळतं, आणि तासाचं भाडं तिच्या घरच्या दोन दिवसांच्या बाजाराएवढं. शिवाय टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ. अकरा जणींच्या सामन्याचा सराव त्यावर कसा व्हायचा? लांब पास मारला की चेंडू जाळीत.

साठ मिनिटं. त्यातली दहा मिनिटं कोन मांडण्यात आणि उचलण्यात.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली नाही, तिच्या आईनं सांगितली. हो, आई होती. पोरीच्या मागे, हातात पिशवी घेऊन. "दादा, ही सकाळपासून पाणीच पीत नाही." का? मैदानावर बाथरूम आहे, पण कुलूप लावलेलं. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन आठला येतो. कपडे बदलायला खोली नाही. म्हणून मुली घरूनच जर्सी घालून, वर कुडता चढवून येतात. खेळ संपला की घामानं भिजलेल्या जर्सीवर तोच कुडता, आणि तशाच शाळेत.

तासभर पळायचंय, आणि पाणी प्यायचं नाही. ऑस्लोला खेळणाऱ्या मुलींच्या पाण्याचा हिशेब ठेवायला आहारतज्ज्ञ असतो. इथे हिशेब एका कुलपाचा आहे.

हे कुलूप उघडायला कुठली क्रीडानीती लागते? कुठला निधी लागतो?

स्वारगेटला उभं राहून मान वळवली की नेहरू स्टेडियम दिसतं. महापालिकेचं. पलीकडे सारसबागेसमोर बाबूराव सणस मैदान. तेही महापालिकेचं. नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ ला काय झालं होतं, हे क्रिकेटवेड्या पुणेकराला सांगावं लागत नाही. विश्वचषक. केनियाच्या हौशी पोरांनी १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला ९३ मध्ये गुंडाळलं. त्या दिवशी केनियाला वेस्ट इंडीजनं काही दिलं नव्हतं. उतरायला मैदान मिळालं होतं, एवढंच.

मागणी फार मोठी नाही. शहरात महापालिकेची जेवढी मैदानं आहेत, त्यांतल्या निवडक चार मैदानांवर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, साडेपाच ते साडेसात, मुलींच्या फुटबॉलला. मैदानाच्या फाटकावर पाटी लावून, म्हणजे मुलांचे संघ हुज्जत घालणार नाहीत. दिवे चालू. बाथरूमची किल्ली फाटकावरच. सहा महिने हे करून बघा. सहा महिन्यांनी चार मैदानांवर चार संघ उभे असतील. चार संघ म्हणजे लीग झाली की! लीग झाली म्हणजे तिला फायनलही आली.

देशातल्या महिलांच्या राज्य संघांच्या अजिंक्यपद स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. नाव आपल्या जिजाऊंचं. ज्या लाल महालात त्यांनी शिवबाला वाढवलं, तो इथून फार तर तीन किलोमीटर. करंडक मात्र बहुतेक वेळा मणिपूरला जातो. आणि का जाऊ नये? तिथे मुली खेळतात, आया खेळलेल्या असतात, आणि गावाला त्याचं काही वाटत नाही. नाव देऊन आपण मोकळे झालो. नावाचा करंडक एकदा तरी या मातीत यावा, असं आपल्याला वाटतं की नाही?

पहाटेच्या बसचंही बोलायलाच हवं. फेब्रुवारी २०२५. याच स्वारगेटच्या एसटी स्थानकात, पहाटेच, उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. शहर हादरलं, मोर्चे निघाले, बंद गाड्यांची मोजदाद झाली. त्या पहाटेनंतर या शहरात किती मुलींची सकाळची प्रॅक्टिस बंद झाली, याची मोजदाद कुणी केली?

थांब्यावरच्या या मुलीची बंद झाली नाही. कारण तिची आई. कात्रजच्या बाजूला घर, पहिल्या बसनं दोघी स्वारगेटला येतात. आई लेकीला पुढच्या बसमध्ये बसवते आणि मग चालत मुकुंदनगरला जाते. तिथे चार घरी स्वयंपाकाची कामं आहेत, पहिलं काम साडेसातचं. म्हणजे पावणेसहा ते साडेसात ती काय करते? "बसते की कुठंतरी. बागेत बसते. भाजी निवडून ठेवते." हातातल्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या होत्या.

आठवड्यातून तीन दिवस ही बाई दोन तास आधी घर सोडते, लेकीनं डिफेन्समध्ये खेळावं म्हणून. मुलींच्या फुटबॉलला प्रायोजक नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी या बाईला भेटावं.

संध्याकाळचा तास मिळाला असता तर? पहाटेची बस नको, बागेतलं बसणं नको, रिकाम्या स्थानकातून जाणं नको. एका तासाच्या अदलाबदलीनं एवढं होतं.

"तुम्ही कधी खेळलात?" मी आईला विचारलं.

"लंगडी. खो-खो. तालुक्याला गेले होते शाळेतून." मग थोडं थांबून, "पुढं कोण पाठवणार?"

बस आली. मुलीनं स्टडची कॅरीबॅग पुन्हा एकदा चाचपली, रबरबँड नीट बसवला. मी तिला म्हटलं, २३ मेची फायनल बघणार ना? रात्री आहे आपल्याकडे.

"वार कुठला?"

"शनिवार."

तिनं मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "मग पहिला हाफ बघीन काका. रविवारी प्रॅक्टिस असते. चारला उठायला लागतं."

पायरीवर पाय ठेवून ती वळली आणि आईला म्हणाली, "दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला तर लिहून ठेव. मिनिटासकट."

आईनं मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मान हलवली.